ईश्वर राहू द्या, चिठ्ठी काढा

शांताबाईंना मी अर्ज करू दिला नाही. चूक माझी, आणि ती मी पूर्ण शुद्धीत केली.

शांताबाई म्हणजे आमची भाजीवाली. तीस वर्षं आठवडी बाजारात जमिनीवर गोणपाटाची फारी टाकून बसणारी. बाजाराच्या गावाचं नाव सांगत नाही, कारण मला अजून तिथेच भाजी घ्यायची आहे. तिथे सिमेंटचे वीस ओटे बांधले गेले आणि वाटपाची कुजबुज सुरू झाली. बाई म्हणाल्या, "सर, अर्ज लिवून देता का?" मी म्हणालो, "अर्ज कशाला? बाजार कमिटीचा अध्यक्ष माझा विद्यार्थी. मी एक फोन करतो." केला. तो म्हणाला, "सर, झालंच समजा." मी समजलो.

यादी लागली. शांताबाई नव्हत्या. पहिलं नाव अध्यक्षाच्या साळ्याचं होतं. या गृहस्थाने आयुष्यात कोथिंबिरीची काडी विकलेली नाही.

इथे सांगायला हवं, की मी बत्तीस वर्षं कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं. काही देश श्रीमंत का होतात आणि काही गरीब का राहतात, हा माझा आवडता धडा. त्याचं उत्तर 'ओळख' असं मी एकदाही सांगितलेलं नाही.

तोंड लपवायला मी शेजारी थूलकाकांकडे गेलो. थूलकाका भूमापन खात्यातून रिटायर झालेले, आमच्या नालवाडीत एकटेच राहतात. त्यांच्या तोंडात कायम एकच प्रश्न: "हे कुठं लिवून हाये?" दवाखान्यात कंपाउंडर म्हणाला, चपला बाहेर, काकांनी विचारलं, कुठं लिवून हाये? त्याने पाटी दाखवली, तेव्हाच चपला निघाल्या. लग्नाच्या पंगतीत कोणी म्हणालं, आधी वरपक्ष बसणार; काका पत्रिका उलटून पाहू लागले. देवळीच्या बसमध्ये लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. काका रुमालाची नीट घडी करून मालकाच्या हातात देतात आणि बसतात. "रुमालाचं तिकीट काढलं का, भाऊ?" सगळी बस शिव्या देते. काका खिडकीबाहेर पाहतात.

माझा तो आवडता धडा त्यांनी एकदा गच्चीवर पाच वाक्यांत संपवला होता. "प्रोफेसर, दोन वावरं. माती तेच, पाणी तेच. एकाचा सातबारा साफ, दुसऱ्याच्या धुऱ्या-बांधावर जो दांडगा त्याचं राज. पाच वर्षांनं जाऊन पाहजा, एकात इहीर दिसन, दुसऱ्यात बाभळी. देशाचंबी असंच राह्यते."

तर मी त्यांना यादीची हकीकत सांगितली. फोनचा भाग गाळून. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, "तुमी कोनाले फोन केलता?"

दुसऱ्या दिवशी काका कमिटीच्या कचेरीत हजर. सोबत घडीची खुर्ची, डबा आणि शांताबाईंचा अर्ज. बाबू म्हणाला, मुदत संपली. "कुठं लिवून हाये?" बाबू म्हणाला, नोटीस लावली होती. "कुठं लावलती?" बाबूने कपाटाकडे पाहिलं. नोटीस कपाटातच होती. काकांनी ती उभ्याउभ्या वाचून काढली: जुन्या विक्रेत्यांना आधी जागा, आणि कोणाला कोणता ओटा हे भर बाजारात ईश्वरचिठ्ठीने ठरवायचं. सगळं लिहिलेलं होतं. फक्त कोणाला दिसू दिलं नव्हतं.

काका तीन दिवस त्या खुर्चीत बसले. "साहेब नाईत." "बसतो." "उद्या या." "आज बसतो, उद्या येतो." अर्जाची पोच घेतली, तिची झेरॉक्स काढली, ती जोडून वर्ध्याला तक्रार दिली आणि तिचीही पोच घेतली. वरून पत्र आलं. यादी रद्द.

चिठ्ठीच्या दिवशी बाजार असा भरला की पोळ्यालाही तसा भरत नाही. अध्यक्ष माइकवर म्हणाले, "आता ईश्वराच्या साक्षीनं..." काका खालून ओरडले, "ईश्वर राहू द्या, चिठ्ठी काढा! अन् ज्याची त्यानं काढा!" साळा नवाकोरा तराजू घेऊन आला होता. काकांनी बाजाराला विचारलं, "याले इथं बसताना कोनी पाह्यलं का?" दीडशे बायका एकदम हसल्या. तराजू घरी गेला.

तेलाच्या रिकाम्या डब्यात हात घालून शांताबाईंनी चिठ्ठी काढली. ओटा नंबर एक, फाटकाजवळचा! बायकांनी ताटल्या वाजवल्या. टमाट्यावाल्या जैबुनबीने तर अध्यक्षांच्याच गळ्यातला हार काढून शांताबाईंना घातला.

काका दिसेनात. बाजाराच्या कडेच्या चिंचेमागे त्याच घडीच्या खुर्चीत बसले होते. मी म्हणालो, "काका, जिंकलात! इथे काय करताय?"

"माय माही इथंच गवताचे भारे विके," ते म्हणाले. "कोनीबी यावं अन् म्हणावं, ए, ऊठ. माय उठे. एका बाजारात चार-चार बारी. भारे उचलून आमी तिकडं, मंग तिकडून इकडं. काऊन उठाचं, हे तिनं कोनालेच इचारलं नाई. मी पायाशी बसून राहो, मीबी नाई इचारलं." त्यांनी चष्मा पुसला. "तवाचं राह्यलं ते. आता इचारून राह्यलो."

बोलता येईना तेव्हा मी व्याख्यान देतो. तडक ओटा नंबर एकसमोर गेलो आणि सुरू झालो: बाई, आज इथे जे झालं त्यानेच देश श्रीमंत होतात. ज्याला त्याला नियम दिसायला हवा, ओळखीवर काही चालता कामा नये...

शांताबाई मेथीवर पाणी शिंपडत शेवटपर्यंत ऐकत होत्या.

"म्हंजे हे सारं तुमाले पयलेपासूनच मालूम होतं?"

"हो! बत्तीस वर्षं शिकवलं."

"अन् तरी मले अर्ज नोका करू म्हणलं?" त्या म्हणाल्या. "सरका बाजूले. मांगं गिऱ्हाईक उभं हाये."