डबल बेलची परीक्षा

शेवट ओळखून दाखवा, तुम्हाला मानलं. एवढं आधीच सांगतो, ड्रायव्हर पास झाला. पास झाल्याचा भुर्दंड कुणाला पडला, ते ओळखा.

तर हा ड्रायव्हर आणि त्याची बायको एकाच बसवर. तो पुढं स्टेअरिंगवर, ती मागं कंडक्टर. वीस वर्षं. तिनं घंटीची दोरी एकदा ओढली की बस थांबणार, दोनदा ओढली की निघणार. मधे बोलणं नाही. (घरी पण तेच. तिनं ताटावर चमचा एकदा वाजवला की हा गप्प.)

जुन्या सीटनं त्याची कंबर पार कामातून गेलेली. डॉक्टर म्हणाले, ही बस सोडा, नाहीतर कंबर सोडा. तेवढ्यात विमानतळाच्या एसी बसची जागा निघाली. पण तिकडं अपघाताचा रिपोर्ट इंग्रजीत द्यायचा, म्हणून तोंडी परीक्षा. झालेली गोष्ट इंग्रजीत सांगता आली पाहिजे.

बायको भांडी घासता घासता त्याच्याकडून भूतकाळाची रूपं घोकून घ्यायची.

"ब्रेक?"

"ब्रोक."

"बरोबर. वॉक?"

"वोक."

"अहो, त्याला नुसतं ईडी लावायचं."

"अगं, कुणाला शेपूट लावायचं आणि कुणाचं तोंडच बदलायचं, हे मला कसं कळणार?"

"मी आहे ना मागं. एक घंटी दिली की शेपूट लावा. दोन दिल्या की तोंड बदला."

परीक्षेला मॅडम आल्या. आधी त्याला बस चालवायला लावली, मग आवारातच उभ्या बसमध्ये तोंडी सुरू. इंजिन चालूच, कारण बंद केलं तर धक्का मारायला सहा माणसं लागतात. कंडक्टरशिवाय बस हलवायची नाही हा नियम, म्हणून बायको मागं, मांडीवर यादी घेऊन.

"वॉक?"

टिंग. "वॉक्ड."

"लुक?"

टिंग. "लुक्ड."

"गो?"

टिंग टिंग.

"वेंट," तो म्हणाला. आणि बस पण निघाली. त्याला कळलंच नाही हो, पाय आपोआप दाबला गेला.

बायकोनं घाबरून एक घंटी दिली. बस जागच्या जागी थांबली, मॅडम सीटवर आदळल्या.

"हे काय होतं?"

"सवय, मॅडम."

मॅडमनी चष्मा सरळ केला. "ब्रेक?"

आता बायकोची पंचाईत. घंटीशिवाय हा येणारं उत्तरही देईना. समोर भिंत, भिंतीपुढं पाण्याचं पिंप. घंटी द्यावी तर पिंप जातंय, न द्यावी तर नवऱ्याची कंबर. तिनं डोळे मिटले आणि कंबर निवडली.

टिंग टिंग.

"ब्रोक," हा म्हणाला, आणि पिंप चेपलं.

मॅडम उठल्या. "उत्तरं बरोबर आहेत. पुढचं काही विचारत नाही. मला उतरू द्या."

पास.

पहिल्या दिवशी एसी बसमध्ये सगळे बसले, दार लागलं, हा स्टेअरिंग धरून नुसताच बसून. कंडक्टर नाही, दोरी नाही.

"निघायचं ना?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"निघतोय की," हा म्हणाला. पाय हलेना. शेवटी बायकोला फोन. "अगं, दोनदा वाजव." तिनं चमचा ताटावर वाजवला, तेव्हा कुठं बस हलली.

आता तिनं आपली ड्युटी दुपारची करून घेतलीय. सकाळी त्याच्या मागं बसते, पिशवीत सायकलची घंटी. त्या बसला स्टाफचा पास चालत नाही. वीस वर्षं लोकांना तिकीट देणारी बाई रोज स्टॉपवरच्या खिडकीत स्वतःचं तिकीट काढते.

नोट नवऱ्याच्या खिशातली. त्यानं उरलेले सुट्टे मागितले की म्हणते, "उतरताना घ्या."