साळूबाईंचा एकपात्री

एका जंगलात, मुलांनो, एक नाटक मंडळी होती. जंगल तसं पुढारलेलं होतं. तिथला वाघ निवडून येत असे, माकडं मतं मोजत असत आणि दर शनिवारी तळ्याकाठी नाटक होत असे.

या मंडळीत अनसूयाबाई नावाची एक साळू होती. साळू म्हणजे साळिंदर. जिच्या अंगावर काटे असतात, तीच. तरुणपणी ती मंडळीची नायिका होती. तिच्या काट्यांवर सगळं जंगल फिदा होतं. 'काय बाणेदार बाई आहे!' असं म्हणायचे. तिचा नायक होता मधुकरराव मोर.

पुढे वर्षं गेली. अनसूयाबाईंचे काटे पांढरे पडले. मधुकररावांचीही पिसं गळायला लागली, पण त्यांनी ती डिंकाने चिकटवली. मग अनसूयाबाईंना मधुकररावांच्या वहिनीचं काम मिळालं. मग आईचं. मग आजीचं. मधुकरराव मात्र दर मोसमात पंचविशीचेच राहिले. त्या जंगलात, मुलांनो, माद्यांचं वय वाढायचं आणि नरांचा अनुभव.

एकदा नवं नाटक आलं. त्यात आजी पडदा उघडण्याआधीच वारलेली होती.

"मग माझं काम काय?" अनसूयाबाईंनी विचारलं.

"फोटोचं," दिग्दर्शक तरस म्हणाला. "भिंतीवरचा, हार घातलेला फोटो. फार महत्त्वाचं काम आहे, बाई. नायक तुमच्याकडे बघून रडतो."

"माझ्याकडे बघून?"

"म्हणजे तसा तो प्रेक्षकांकडेच बघतो. पण रडतो तुमच्यासाठी."

अनसूयाबाई चौकटीत बसल्या. नाटक सोडून राहायचं कसं, ते त्यांना माहीत नव्हतं. दोन प्रयोग बरे गेले. तिसऱ्याला हारातल्या झेंडूने नाक हुळहुळलं आणि मधुकररावांच्या ऐन हुंदक्यात फोटो शिंकला. प्रेक्षक पोट धरून हसले.

पुढच्या शनिवारी चौकटीत खराखुरा फोटो होता. 'आजीचे काम यावेळी अधिक संयत झाले,' असं परीक्षणात आलं.

काम गेलं आणि अनसूयाबाईंच्या लक्षात एक गोष्ट आली. त्या कोणाला दिसतच नव्हत्या. यात जादू वगैरे काही नव्हती, मुलांनो. जंगलाला तशी सवय लागली होती. तळ्यावर त्या रांगेत उभ्या राहिल्या की पुढचा आणि मागचा एकमेकांना येऊन चिकटत. सभेत त्यांच्या डोक्यावरून सुपाऱ्या दिल्या-घेतल्या जात. एक दिवस तर गप्पा मारता मारता एक ससा थेट त्यांच्यावरच बसला.

"अयाई गं!" ससा हातभर उडाला. "इथे निवडुंग कोणी लावला?"

"अहो, मी आहे!"

"आणि बोलतोही!" ससा म्हणाला आणि वनपंचायतीत तक्रार करायला पळाला.

अनसूयाबाई रडवेल्या होऊन यमुनाक्कांकडे गेल्या. यमुनाक्का म्हणजे त्यांची जुनी मैत्रीण, हत्तीण.

"मी तुला तरी दिसते ना गं?"

"तू कसली रडतेस?" यमुनाक्का म्हणाल्या. "मी एवढी हत्तीण. वाटेत उभी राहिले तर म्हणतात, आज सावली बरी पडलीय. आणि या सुरकुत्या मला जन्मापासून आहेत बरं. तेव्हा म्हणायचे, किती गोंडस! आता म्हणतात, गुडघ्यांना जपा."

अनसूयाबाईंना हसू फुटलं. हसता हसता त्यांनी सशाची नक्कल केली. मग तरसाची केली. मग मधुकररावांचा हुंदका काढला, एक डोळा प्रेक्षकांवर ठेवून. यमुनाक्का इतक्या हसल्या की वरची वटवाघळं जागी झाली.

"हे तू रंगमंचावर कर," त्या डोळे पुसत म्हणाल्या.

"एकटीने?"

"मग कोणाबरोबर? तुझ्याबरोबर काम करायला कोण थांबलंय?"

तेव्हा अनसूयाबाई सांस्कृतिक समितीकडे गेल्या. समितीचे अध्यक्ष होते आबासाहेब कोल्हे.

"एकपात्री? वा, वा!" आबासाहेब अनसूयाबाईंच्या शेजारच्या खांबाकडे बघत म्हणाले. "विषय आईची माया का?"

"नाही."

"मग आजीबाईचा बटवा? संस्कार? पूर्वीचं जंगल कसं छान होतं?"

"विषय मी आहे."

आबासाहेब विचारात पडले. "त्यात... घडतं काय?"

"तुम्ही घडता."

हे त्यांना समजलं नाही. न समजलेल्या गोष्टीला समिती नेहमी भर दुपारची वेळ देते. त्या वेळी सगळं जंगल झोपलेलं असतं.

प्रयोगाच्या दिवशी अनसूयाबाई तळ्याकाठच्या खडकावर चढल्या. आजवर त्यांनी दुसऱ्यांची वाक्यं म्हटली होती. ती विसरली तर बाजूने कोणीतरी सांगायचं. आपलंच विसरलो तर कोण सांगणार?

समोर यमुनाक्का होत्या. आणि एक एक करत बाकीच्या आल्या. दात पडलेली अस्वलीण आली. लंगडी नीलगाय आली. जिच्या पिल्लांच्या पिल्लांनाही तिचं नाव आठवत नव्हतं, ती वानरीण आली. दुपारी झोपायचं सोडून त्या आल्या होत्या, कारण त्या उठून गेल्याचं घरी कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

अनसूयाबाई फोटो झाल्या. गळ्यात हार घालून त्या गप्प बसल्या. खूप वेळ बसल्या. मग फोटोने हळूच डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि गळ्यातल्या हाराचं एक फूल तोडून खाल्लं. मग दुसरं. मग सावकाश, चवीने, सगळा हार खाल्ला. दोरा थुंकला.

"माझा हार होता ना?" फोटो म्हणाला. "मग वाया का घालवू?"

नीलगाय आधी हसली, मग हमसून रडली, मग पुन्हा हसली. अस्वलीण तर जमिनीवर लोळली. त्या हशाने जंगलाची झोप मोडली. वाघाने माकडाला बघायला पाठवलं. माकडाने येऊन सांगितलं, "मैदान रिकामं आहे, महाराज. पण हसतंय."

प्रयोग संपल्यावर एक हरिणी मागे रेंगाळली. ती मोहना, मंडळीची सध्याची नायिका.

"बाई, एक विचारू? दिसेनासं व्हायला किती वर्षं लागतात हो?"

"का गं? तुला तर सगळे बघतात."

"काल मला मधुकररावांच्या वहिनीचं काम दिलं."

अनसूयाबाईंनी तिला जवळ घेतलं नाही, काट्यांमुळे. पण म्हणाल्या, "उद्या ये. पहिल्या रांगेत बस."

असे प्रयोग होत राहिले. गर्दी वाढली आणि शेवटी जंगलाला दखल घ्यावी लागली. समितीने अनसूयाबाईंचा सत्कार केला, अंगावर शाल घातली, नारळ दिला. भाषणं झाली. 'या वयातही!' हे आबासाहेब म्हणाले, तरस म्हणाला आणि वाघही म्हणाला. अनसूयाबाई दोन शब्द बोलायला उठल्या तेव्हा चहा आला.

त्या सत्काराला मधुकरराव आले होते. त्यांना तिथेच स्फूर्ती झाली. दोन महिन्यांत त्यांचा नवा प्रयोग जाहीर झाला : 'एका अदृश्य साळूची व्यथा. एकपात्री. सादरकर्ते : मधुकरराव मोर.'

अनसूयाबाई त्यांच्या घरी गेल्या. "मधुकरराव, हे माझं नाटक आहे."

"तुमचा अनुभव आहे, बाई," मधुकरराव मायेने म्हणाले. "नाटक माझं. तुम्ही सांगितलं की ते गाऱ्हाणं होतं, मी सांगितलं की ती कला होते. आणि विचार करा, तुमच्याकडे बघणार कोण?"

"आणि हार?"

"तो मी खात नाही. नायकाला शोभत नाही. मी त्याच्याकडे बघून रडतो."

मुलांनो, मधुकररावांचं नाटक तुफान चाललं. पाठीला बोरीचे काटे बांधून ते वाकून चालायचे आणि मोठमोठे नर रुमाल भिजवायचे. 'बाईच्या मनाचा केवढा ठाव!' असं परीक्षणात आलं. वर्षाचं मोठं पारितोषिक त्यांनाच द्यायचं ठरलं. त्यासाठी खास प्रयोग ठेवला. त्याला खुद्द वाघ येणार होता.

त्या प्रयोगाला अनसूयाबाई आणि त्यांच्या मैत्रिणी गेल्या. दारावर त्यांना कोणी अडवलं नाही, कारण दारावरच्या रानडुकराला त्या दिसल्याच नाहीत. त्या सरळ आत जाऊन सगळ्यांत पुढे बसल्या, वाघाच्याही पुढे.

नाटक रंगलं. मधुकरराव मध्यभागी आले, दोन्ही पंख पसरले आणि टाहो फोडला, "मला कोणीच का बघत नाही हो?"

सगळं जंगल मुसमुसलं. आणि अनसूयाबाई उभ्या राहिल्या.

त्यांना मोठं भाषण करायचं होतं. घरी पाठ केलं होतं. पण रागाने सगळे काटे उभे राहिले, सळसळ वाजले, आणि तोंडातून एवढंच आलं, "मी इथे आहे."

मागून आरडाओरडा झाला. "ओ आजी! खाली बसा! तुमच्यामुळे नाटक दिसत नाही!"

अनसूयाबाई मागे वळल्या. एवढे डोळे एका वेळी आपल्यावर रोखलेले त्यांनी कितीतरी वर्षांत पाहिले नव्हते. ससा बघत होता. तरस बघत होता. आबासाहेब खांब सोडून त्यांच्याकडे बघत होते.

"नाही बसत," अनसूयाबाई म्हणाल्या.

शेजारी अस्वलीण उभी राहिली. नीलगाय लंगडत उभी राहिली. वानरीण बाकावर चढून उभी राहिली. मोहना अजून म्हातारी झाली नव्हती, तीही उठली. शेवटी गुडघ्यांवर हात टेकत यमुनाक्का उभ्या राहिल्या, आणि मग मागच्या कोणालाच काहीही दिसेना. मधुकरराव पलीकडे बराच वेळ रडत होते म्हणतात.

पारितोषिक त्यांनाच मिळालं. उत्तरार्ध कोणी पाहिला नव्हता, त्यामुळे तो उत्कृष्ट झाला यावर सगळ्यांचं एकमत झालं.

तात्पर्य : मुलांनो, वयस्कर बायकांचा आपण नेहमी आदर करावा आणि त्यांना मागच्या रांगेत बसवावं. पुढे बसवल्या तर त्या उभ्या राहतात, आणि मग त्यांच्या दुःखावरचं चांगलं नाटक आपल्याला नीट बघता येत नाही.