रिकाम्या ताटलीचा अर्थ

जॉर्जियाहून नेदरलँड्समधल्या डेव्हेंटरला येऊन केतेवानला आठ महिने झाले होते आणि तिच्या उंबऱ्याच्या आत आजवर फक्त नळवाला आला होता. त्यामुळे शेजारच्या टिनेकेबाई डायरी बघून म्हणाल्या, "गुरुवारी आठला आम्ही दोघं कॉफीला येऊ," तेव्हा केतेवानने गुरुवारची रजाच टाकली.

पाहुणा नुसत्या कॉफीसाठी येतो, यावर कुठल्याही जॉर्जियन माणसाचा विश्वास नसतो. अक्रोडाचं वाटण भरलेली वांगी, चीजची खाचापुरी, लसणाच्या रश्श्यातली कोंबडी, राजमा... टेबलाचं लाकूड दिसेनासं झालं.

आठच्या ठोक्याला टिनेकेबाई आणि त्यांचे पती हार्मराव हजर. दोघं सहालाच बटाटे, घेवडा आणि मांसाचा तुकडा असं जेवून आले होते. गेली चाळीस वर्षं ते सहालाच जेवत होते.

"अगंबाई! अजून कोण कोण यायचंय?"

"कोणी नाही. तुमच्यासाठीच आहे. बसा ना!"

केतेवानने ताटल्या भरल्या. आता पंचाईत अशी, की हार्मरावांच्या आईने लहानपणी युद्धातल्या उपासमारीत ट्यूलिपचे कंद खाल्ले होते. ताटात टाकलेलं तिला खपत नसे. हार्मरावांनी डोळे मिटून ताटली साफ केली.

केतेवानच्या काळजात चर्र झालं. पाहुण्याची ताटली रिकामी? तिने परत भरली.

"पटकन संपवा, म्हणजे सुटू," टिनेकेबाई कुजबुजल्या.

हार्मरावांनी पटकन संपवलं. बिचारे किती भुकेले आहेत, असं वाटून केतेवानने उरलेली कोंबडी वाढली.

"नको हो, खरंच नको!"

जॉर्जियात पहिले तीन नकार मोजायचे नसतात. साडेनऊला हार्मरावांनी पट्टा सैल केला आणि दहाला टिनेकेबाईंनी त्यांना दंडाला धरून घरी नेलं.

केतेवानने आईला फोन लावला. "आई, घासभरसुद्धा उरलं नाही गं! कमी पडलं. आता ते कशाला परत येतायत?" तिला रडूच आलं.

"दोन कोंबड्या करायच्या होत्यास," आई म्हणाली. "एवढं कसं कळत नाही तुला?"

पण आठवड्याने टिनेकेबाईंनी दारातच गाठून आमंत्रण दिलं, तीन आठवड्यांनंतरचं, आठ वाजताचं. केतेवान हरखली. ठरलेल्या दिवशी तिने सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नाही. यजमानांचा अपमान नको.

कॉफी आली. बरोबर डब्यातलं एक बिस्कीट ताटलीत आलं. मग डब्याला झाकण लागलं आणि डबा फळीवर गेला.

"त्या दिवशी फार त्रास झाला तुम्हाला," हार्मराव म्हणाले. "म्हणून आज मुद्दाम सुटसुटीत ठेवलंय."

केतेवानने मागून खाणं शक्यच नव्हतं. तिने बिस्कीट संपवलं, बोटाने चुरा टिपला आणि लख्ख ताटली टिनेकेबाईंसमोर सरकवून वाट बघत बसली.

टिनेकेबाईंनी ताटलीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला.

"बघितलंत ना? कणभर टाकलं नाही पोरीने! आपल्यातलीच आहे हो ही." त्यांनी डायरी उघडली. "केतेवान, आता दर गुरुवारी यायचं. आठला."

केतेवानचं पोट सगळ्यांना ऐकू जाईल इतकं गुरगुरलं.

"दर गुरुवारी ना?" ती डोळे पुसत म्हणाली. "नक्की येईन."