उपग्रह वाटेत आहे

"दिसतंय का काही?" ओराझबायने छपरावरून ओरडून विचारलं.

"मुंग्या दिसतायत!" खालून सासूबाईंचा, उल्मेकेनबाईंचा, आवाज आला.

ओराझबायला दरदरून घाम फुटला. चूक त्याच्याच जिभेची होती. तो उपग्रह नियंत्रण केंद्रात इंजिनिअर. टीव्हीच्या नव्या उपग्रहाला इंजिनाचे हलके हलके झटके देत त्याच्या ठरलेल्या जागी नेऊन बसवायचं, हे काम त्याच्या गटाकडे होतं. सासूबाईंचा भाऊ कोझाबेक अल्माटीला दोन तारांच्या दोंब्रावर गायच्या सवाल-जवाबाच्या सामन्यात उतरणार आणि तो टीव्हीवर दाखवणार, हे कळताच जावयाने छाती फुगवून सांगितलं होतं, "नव्या उपग्रहावर बघा, आई. मामा समोर बसून गातायत असं वाटेल."

मग तो खास रजा काढून गावी आला आणि त्याने सासूबाईंची डिश नव्या जागेकडे वळवली. उपग्रह काल संध्याकाळीच तिथे पोचायचा होता. केंद्रातला जावई छपरावर चढलेला बघून शेजारीपाजारी धावत आले. त्यांच्याही डिश त्याने मोठ्या मनाने वळवून दिल्या. आता अख्खी आळी मटणाच्या बेशबर्माकच्या ताटांभोवती जमली होती, आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या.

त्याने केंद्रात फोन लावला. "साउले, उपग्रह कुठाय?"

"वाटेत आहे," त्याची सहकारी शांतपणे म्हणाली.

"वाटेत? काल पोचायचा होता ना!"

"शेवटचा झटका द्यायचा राहिलाय. साहेब म्हणाले, ओराझबाय रजेवर आहे, तो आल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. कार्यक्रम अजून जुन्यावरूनच चाललेत. तू कर मजा, इथे काही घाई नाही."

"घाई नाही? अगं, इथे माझी अब्रू चाललीय! साहेबांच्या पाया पड, पण ढकला त्याला पुढे!"

डिश पुन्हा जुन्याकडे वळवणं आलं. पण जुनी जागा कुठे होती, याची खूण कुणी केली होती? अंदाजाने त्याने जोर लावला, तर गंजका बोल्ट तुटून हातात आला आणि डिशने मान टाकली. तो शेजारच्या छपरांवर धावला. एका घरात पडद्यावर तुर्की बाई कांदा चिरू लागली. दुसऱ्या घरात कुणीतरी गालिचे विकत होता.

"आभाळातलं यंत्र हलवतोस म्हणे," म्हातारा बेकेत खालून म्हणाला. "मग हातातलं ताट हलवायला काय धाड भरलीय?"

अंगणातून बायकोने एकदा वर बघितलं आणि मान फिरवली. हे तर छपरावरून पडण्यापेक्षा वाईट होतं.

सामना संपला. कुणाला काहीही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्याच्यापुढे चहाची वाटी काठोकाठ भरून ठेवली. ऊठ आणि चालू लाग, हे सांगायला त्या गावात तोंड उघडावं लागत नाही; पाहुण्याची वाटी काठोकाठ भरली की झालं.

तेवढ्यात कोझाबेकमामा दारात उभे राहिले. चेहरा उतरलेला. "बघितलात सगळ्यांनी?"

"अख्ख्या आळीत कुणीच नाही, मामा," ओराझबाय मेल्या आवाजात म्हणाला. "माझ्यामुळे."

मामांच्या चेहऱ्यावर एकदम तेज आलं. ते ऐसपैस बसले, घोडीच्या आंबट दुधाचा, कुमीसचा, घोट घेतला आणि प्रतिस्पर्ध्याची बोलती कशी बंद केली ते सांगू लागले. आळी माना डोलावू लागली. मग हळूच त्यांनी ओराझबायला तबेल्यामागे नेलं आणि मिठी मारली.

"माझी लाज राखलीस रे, बाळा! शाळकरी पोर होती समोर. तिने माझ्या पोटावर कडवं रचलं, माझ्या घोड्यावर रचलं. मी तिसऱ्या ओळीतच अडखळलो. लोक डोळे पुसून पुसून हसत होते." त्यांनी आवाज खाली आणला. "आज संध्याकाळी पुन्हा दाखवणार आहेत. तेवढा तुझा उपग्रह दोन दिवस थोपवून धर."

ओराझबायचा फोन वाजला. "अभिनंदन!" साउले ओरडत होती. "तुझं रडगाणं ऐकून साहेब विरघळले. दिला झटका! बरोब्बर जागेवर बसलाय. आजपासून सगळं त्याच्यावरूनच."

घरातून सासूबाई बाहेर आल्या. आवाजात कालपासून पहिल्यांदाच लोणी होतं. "जावईबापू, बेकेतने नवा बोल्ट आणलाय. चढा बघू वर. भाऊ कसा जिंकला ते सगळ्यांना डोळ्यांनी बघायचंय."

मामांनी दोंब्रा उचलला. "शहराची बस कधी आहे रे?"

"थांबा," ओराझबाय म्हणाला. "मीही येतो."