सॅलिसिलेटचा वैरी

आमच्या शेजारचे खानझोडे भाऊजी नाकाने लोकांचे कान तपासतात. थट्टा नाही करून राहिले मी. गुडघ्याला बाम चोळून त्यांच्या गेटशी नुसतं उभं राहावं, की भाऊजी व्हरांड्यातूनच नाक वर करतात आणि म्हणतात, "वहिनी, आज सॅलिसिलेट लावून आल्या." नमस्कार नाही, या-बसा नाही. मग तो दोन दांड्यांचा लोखंडी चिमटा आणतात, ट्यूनिंग फोर्क म्हणतात त्याला. तो स्वतःच्या गुडघ्यावर आपटून माझ्या कानाशी धरायचा आणि आवाज विरला की मी हात वर करायचा. मी सत्तरीची बाई, शाळेतल्या पोरीसारखी हात वर करते. काय करणार, त्याशिवाय चहाच ठेवत नाहीत.

आमचं शहर हिंदी मुलखातलं. भाऊजी इथल्या तोफगोळ्यांच्या कारखान्यात केमिस्ट होते. बाहेर चाचणीचे बार व्हायचे, हे आत लॅबमध्ये काचेच्या नळ्या हलवत बसलेले. बरोबरचे लोक रिटायर होईतो अर्धे बहिरे झाले, यांचे कान मात्र शाबूत. वहिनी, म्हणजे यांची बायको, गेल्या तेव्हापासून भाऊजींनी कान हाच विषय धरला. जाडजूड पुस्तकं मागवली, चष्म्याचा नंबर वाढवून घेतला.

मी मॅट्रिकसुद्धा नाही, पण ऐकून ऐकून मलाही आता सगळं पाठ आहे. कानाच्या आत गोगलगायीसारखा एक शंख आहे. त्यात हजारो बारक्या पेशी आहेत आणि आवाज आला की त्या लांब-आखूड होत नाचतात. त्या नाचामुळेच बारीक आवाज आपल्याला मोठा होऊन ऐकू येतो. त्यांना नाचवणारं एक प्रथिन आहे, प्रेस्टिन. मला आधी ते भांडी घासायच्या पावडरचं नाव वाटलं होतं. तर या प्रेस्टिनमध्ये क्लोराइडची एक ठरलेली जागा असते. "समजा वहिनी, क्लोराइडचं रिझर्वेशन आहे," भाऊजी म्हणतात, "आणि हा सॅलिसिलेट बिनतिकिटाचा येऊन त्याच बर्थवर पसरला. आता गाडी कशी चालणार?" डोकेदुखीची जुनी गोळी, अंगदुखीचा बाम, सगळे त्या सॅलिसिलेटचेच भाऊबंद. रक्तात तो फार झाला की नाच थांबतो, कानात घंट्या वाजतात आणि बारीक आवाज हरवतात.

एकदा मला साडी घ्यायची होती म्हणून बड्या फुहाऱ्याच्या बाजारात भाऊजी बरोबर आले. दुकानदाराने कपाळाला बाम लावलेला. झालं. भाऊजींनी हिंदीत शंख, प्रेस्टिन, बर्थ सगळं समजावलं, अर्धा तास. दुकानदाराने तेवढ्यात काढलेल्या साऱ्या साड्या घड्या घालून परत ठेवल्या आणि हात जोडून विचारलं, "भैयाजी, लेना क्या है?" मी तशीच परत आले.

इथवर हसण्यासारखंच होतं. पण दोन महिन्यांपूर्वी भाऊजींच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेलं, हृदयाच्या नसेत जाळी बसवली. घरी सोडताना डॉक्टरांनी एक इवलीशी गोळी लिहून दिली, रोज एक, चुकवायची नाही, नाहीतर जाळीत रक्त गोठेल. आणि गोळी कोणती? त्याच घराण्यातली. घरी आल्यावर चार दिवस कशीबशी घेतली, मग भाऊजींनी ते पाकीट कपाटात टाकून दिलं.

त्यांची मुलगी बंगलोरला असते. तिचा मला फोन आला, आवाज रडवेला. "काकू, पापांना तुम्हीच समझाओ ना. मी बोलले तर फोन ठेवून देऊन राहिले."

मी तशीच पिठाच्या हातांनी गेले. त्यांच्या बैठकीत भिंतीवर एक तक्ता आहे, स्वतःच्या अक्षरात लिहिलेला, वर मथळा 'कानाचे वैरी'. पहिलंच नाव सॅलिसिलेट, लाल शाईत. त्याच्यापुढे बारीक अक्षरात लिहिलंय, 'मोठ्या मात्रेत. बंद केल्यावर बहुधा कान पूर्ववत.' मी त्या ओळीवर पिठाचं बोट ठेवलं. म्हटलं, भाऊजी, ही इवलीशी गोळी काय मोठी मात्रा झाली? केमिस्ट तुम्ही की मी? इतकं कळतं तर काहून जिवावर उठले?

मला वाटलं, आता वाद घालतील, पुस्तक काढतील. ते नुसते खुर्चीत बसले. चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मात्रा मला माहीत आहे वहिनी. नाही होत काही तेवढ्याने. पण शंभरात एका हिश्शाने जरी कमी ऐकू आलं, तरी भिंतीपलीकडचं पहिलं जाईल."

मी विचारलं, कोणती भिंत?

"तुमच्या स्वयंपाकघराची, आपल्या दोन घरांमधली. दूधवाला हिंदी, भाजीवाला हिंदी, टीव्ही हिंदी. बंगलोरच्या नातवाला मराठी समजते, पण उत्तर हिंदीत देतो. ही गेल्यापासून घरात मराठी फक्त त्या भिंतीतून येते. सकाळी तुम्ही बोलत असता ना एकट्याच, कणकेशी, कुकरशी. मी खुर्ची लावून बसतो तिथे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काय काय बोलत असते मी त्या ओट्याशी. सुनेबद्दल. देवाबद्दल. आणि खुद्द भाऊजींबद्दलही, या माणसाला कोणी आवरा म्हणून. ते माझं तोंड पाहून म्हणाले, "माझ्याबद्दलचंही ऐकलंय. चालतं."

मग मी रागावले. रागावले म्हणजे डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायला रागावले. म्हटलं, चलो, परीक्षाच घेऊ. उद्यापासून रोज साडेसातला गोळी घ्यायची. मी भिंतीशी येऊन हळू आवाजात बोलेन. ज्या दिवशी ऐकू येणार नाही, त्या दिवशी आपण दोघं डॉक्टरांकडे जाऊ. पण स्वतःच्या मनाने गोळी सोडायची नाही. त्यांनी नुसती मान हलवली. हो की नाही, काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी साडेसातला मी ओट्यापाशी उभी. आणि गंमत बघा, मला, जिला बोलण्यावाचून दुसरं काही येत नाही, तिला शब्द सुचेना. कोणी ऐकतंय म्हटल्यावर जीभच उचलेना. शेवटी भिंतीजवळ तोंड नेऊन हळूच म्हटलं, "भाऊजी, आज दोडक्याची भाजी आहे."

कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून मी गॅस बंद केला आणि तशीच उभी राहिले.

मग भिंतीतून आवाज आला, "गोळी घेतली. दोडक्यात थोडा गूळ घाला."

आमचे हे जाऊन सात वर्षं झाली. तेव्हापासून त्या स्वयंपाकघरात मला पहिल्यांदाच कोणी उत्तर दिलं होतं. मी गुळाचा डबा काढला आणि किती घालू, म्हणून विचारलं.