तारादेवीची टाच

आमच्या खालच्या मजल्यावरचे साळवेकाका सागवानात तारादेवी कोरतात आणि प्रत्येकीची उजवी टाच हवेत ठेवतात.

तारा म्हणजे बौद्धांची संकटात धावून येणारी देवी. तिची बसायची रीत ठरलेली. डाव्या पायाची मांडी, उजवा पाय खाली सोडलेला. कुणी हाक मारली तर उठायला उशीर नको, म्हणून. हे सगळं मला काकांनीच सांगितलं. मग यांच्या देवीची टाच अधांतरी का? नुसत्या बोटांवर ती उठणार कशी?

"अर्थ असतो त्याला!" काका म्हणाले. हे त्यांचं पालुपद. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर आयुष्य गेलं. तिथंही प्रेशर चढलं की हेच म्हणत असावेत.

अर्थ मात्र दर खेपेला नवा. एकदा म्हणाले, "टाच म्हणजे संसार, भाऊ. देवी संसाराला चिकटत नाय." पुढच्या रविवारी टाच म्हणजे अहंकार झाली. त्यानंतर चक्क करुणा! मी विम्याचा माणूस. मला कलमं कळतात, टाचा कळत नाहीत.

त्यात रविवारी दुपारी त्यांच्या खिडकीतून आवाज यायचा, "अजून थोडी खाली... टेकव गं... हां, राहू दे, उद्या बघू." माणूस लाकडाशी बोलतो आणि वर लाकडाला मुदतही देतो, या विचारानं मी चक्रावून जायचो. काकू आजारी असतात, बाहेर पडत नाहीत, एवढंच मला ठाऊक होतं. या बडबडीनंच आजारी पडल्या असतील, असं मी बायकोला म्हणायचो.

बुद्धपौर्णिमेला काकांनी खिरीच्या डब्याबरोबर मला एक तारा दिली. मी ती टीव्हीशेजारी मांडली. पण ती अधांतरी टाच मला टीव्ही बघू देईना. शेवटी एका जुन्या लग्नपत्रिकेची घडी करून टाचेखाली सारली. देवीचं माहीत नाही, माझं चित्त थाऱ्यावर आलं.

दोन दिवसांनी काका चहाला आले. बसायच्या आधीच त्यांची नजर तिकडे गेली. त्यांनी घडी उपसून काढली.

"आधार कोणी लावला? नको तिला आधार! तिची ती टेकवंल!" चहा न घेताच ते निघून गेले.

माझं काय चुकलं तेच कळेना. मूर्ती घेऊन खाली गेलो. दार उघडंच होतं. खिडकीपाशी काकू खुर्चीत बसल्या होत्या. डावा पाय वर घेतलेला, उजवा खाली सोडलेला. बोटं फरशीवर, टाच वर. उजवा हात मांडीवर निपचित पडलेला. समोर जमिनीवर काका, हातात पटाशी आणि अर्धी कोरलेली देवी.

काकू हसल्या. तोंडाची एकच बाजू हसली.

"झटका आल्यापासून टाच टेकत नाय," त्या अडखळत म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात, टेकली तर उभी राहशील. भाऊ, तुम्हीच सांगा यांना, माझ्यापायी देवीला का अडकवता?"

"आधी तू," मान वर न करता काका म्हणाले. "मग ती."

या खेपेला त्यांनी अर्थ सांगितला नाही. मीही विचारला नाही. मूर्ती तशीच वर आणून ठेवली.

आता रविवारी दुपारी खालून "टेकव गं" ऐकू आलं, की मी टीव्हीचा आवाज बंद करतो आणि माझी उजवी टाच फरशीवर घट्ट दाबून धरतो.