आमचा ओटा बघायला आलेली माणसं

घरातला ओटा बांधायला गवंडी लागतो, हा गवंड्यांनी पसरवलेला गैरसमज आहे! विटेवर वीट ठेवायची, मध्ये सिमेंट घालायचं आणि वर कडप्पा टाकायचा. यात कसली आली विद्या? मोबाइलवर एक माणूस हे सगळं करून दाखवतो, तेही मागे गाणं लावून. मी तो व्हिडिओ रोज जेवताना बघत होतो. पुढेपुढे तर तो कुठे चुकला असता, तर मीच त्याला सांगितलं असतं.

आमचं घर खर्डीला, जुनं, कौलारू. स्वयंपाकघर म्हणजे एक कोपरा, कोपऱ्यात मातीची चूल आणि चुलीपुढे आई. माझी बायको दर्शना लग्न होऊन आली तेव्हापासून तिथे उकिडवी बसून भाकऱ्या थापतेय. अलीकडे तिचे गुडघे कुरकुरायला लागले होते. उठताना ती आधी भिंत धरायची, मग देवाचं नाव घ्यायची आणि मग माझं. तिला उभ्याने स्वयंपाक करायचा होता, बाकी काही नको होतं. पण आईच्या मते उभ्याने रांधलेलं अन्न अंगी लागत नाही. चुलीचा विषय काढला की ती एकच सांगायची, "मी मेल्यावर मोडा काय ते." हे तिने आम्हालाच नाही, सगळ्या आळीला ऐकवून ठेवलं होतं.

मग आईला खोकला लागला. मुरबाडला दिलेली माझी बहीण रुपा पहाटेच गाडी घेऊन आली आणि डॉक्टरला दाखवते म्हणून आईला घेऊन गेली. गाडी वळणाआड गेली तशी दर्शनाने माझ्याकडे बघितलं आणि मी चुलीकडे बघितलं. आई परत यायच्या आत ओटा उभा राहिला, तर ती चार दिवस धुसफुसेल आणि गप्प बसेल. बांधलेला ओटा कोण पाडतं? पण ती आधीच आली, तर दर्शनाची सून येईपर्यंत दर्शना जमिनीवरच!

पहार घातली. चूल तीन घावांत गेली, हे कबूल करतो. माती मागे केळीखाली टाकली, भांडीकुंडी अंगणात काढली, धूळ बसू नये म्हणून देवांवर पांढरं फडकं टाकलं. सिमेंटची धूळ दर्शनाच्या डोळ्यांत जाऊन डोळे लालभडक झाले. ती पदराने डोळे पुशी आणि पुन्हा विटा उचली. बाई खरंच राबली.

मधल्या एका कामात थोडी गडबड झाली. मी खाली वाकून टाइल बसवत होतो आणि दर्शना माळ्यावरून घमेलं खाली देत होती. ती म्हणते मी 'सोड' म्हटलं. मी म्हटलेलं नाही! कालवलेलं सिमेंट डोक्यावर आलं आणि मी नळ गाठेपर्यंत ते धरलं. भिंतीवर ते सिमेंट सकाळपासून धरत नव्हतं, माझ्या केसांवर लगेच धरलं. कमी पडलेल्या टाइल आणायला शहापूरला जायचंच होतं, तिथेच न्हाव्याकडे गेलो. त्याने टकटक वाजवून बघितलं आणि सरळ वस्तरा काढला.

संध्याकाळी तुळतुळीत डोक्याने घरी आलो. दर्शना पायरीवर डोळे पुसत बसली होती. तेवढ्यात शेजारच्या भिमीकाकू विरजण मागायला आल्या. त्या फाटकातच थांबल्या. अंगण बघितलं, माझं डोकं बघितलं, दारातून सरळ आत बघितलं, तोंडाला पदर लावला आणि विरजण न घेताच माघारी गेल्या. ओटा बघून बाईंची वाचा गेली, असं मी दर्शनाला सांगितलं. दर्शनाने तोंड फिरवलं, कारण तिचं ओट्यावरून माझ्याशी भांडण चालू होतं. मी ओटा माझ्या उंचीने मोजला होता. तो तिच्या छातीपर्यंत येत होता. पाट घेऊन उभी राहा म्हटलं, तर एवढा संताप!

रात्रीच्या जेवणाला काकूंनी पिठलं-भाकरी पाठवली. दुसऱ्या दिवशी पलीकडून भात-आमटी आली, मग आणखी एका घरून भाजी. मला भरून आलं. चूल मोडली तर शेजाऱ्यांनी उपाशी ठेवलं नाही, याला म्हणतात गाव.

पण दुसऱ्या दिवशी आणखी जे झालं, त्याने माझं डोकंच फिरलं. सकाळी आळीतले धाऊकाका चार माणसं घेऊन आले. ओटीवर मांडी घालून बसले आणि खाली माना घातल्या. कोणी एक शब्द बोलेना. मला वाटलं, ओटा बघायला आलेत, पण मागायचं कसं म्हणून लाजतायत. मीच हौसेने सुरुवात केली. मोरपंखी टाइल दाखवल्या, कडप्पा दाखवला, सगळं आम्ही दोघांनीच उरकलं, बाहेरचं माणूस बोलावलं नाही, असंही सांगितलं. एकानेही मान वर केली नाही. मग मी म्हटलं, "बरंच झालं ना काका? किती वर्षं रखडलं होतं. दर्शनाचे तर हालच. एकदाची सुटली."

धाऊकाकांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी गाईला लाथ मारली.

"तुज्या तोंडून असं ऐकाया नको व्हतं," ते म्हणाले. मग पाचही जण उठले आणि चालू पडले. चहा नाही, पाणी नाही, साधं 'येतो' म्हणायची रीत नाही! मी दर्शनाला म्हटलं, जळतात मेले. यांच्या बायका अजून जमिनीवर बसतात ना, म्हणून पोटात दुखतंय. दिवसभर तेच. दोघी-तिघी बायका यायच्या, दर्शनाच्या पाठीवरून हात फिरवायच्या, उसासा टाकायच्या आणि न सांगता निघून जायच्या. दर्शनाला वाटलं, उंच ओट्याबद्दल सहानुभूती दाखवतायत. तिला तेवढंच बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी उंबरमाळीहून मामा आला. आईचा सख्खा भाऊ. हातात पिशवी, मागे आळीतली निम्मी माणसं. मला वाटलं, आता घरचं माणूस आलं, हा तरी कौतुक करेल. मामाने पिशवीतून साडी काढली आणि ती हातात धरून उभा राहिला.

"म्हायेरची साडी तरी नेसवू द्याची व्हतीस तिला," तो म्हणाला. "मी काय लांब ऱ्हातो? पुढलंच टेशन ना रे. परस्पर मुरबाडलाच उरकलास. भावाला खांदा नाय देऊ दिलास."

तेव्हा माझ्या भादरलेल्या डोक्यात प्रकाश पडला! मोडलेली चूल, झाकलेले देव, रडून लाल झालेली सून, मुंडण केलेला मुलगा आणि खोकत मुरबाडला गेलेली म्हातारी. एकालाही विचारावंसं वाटलं नाही. सुतकाच्या घरी विचारायचं नसतं, नुसतं बसायचं आणि न सांगता उठायचं, ही आमच्याकडची रीत. रीत पाळण्यात आमचा गाव एक नंबर आहे.

"मामा, आई जिवंत आहे," मी ओरडलो.

मामा मटकन खाली बसला. धाऊकाकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बाकीच्यांना हळूच सांगितलं, "त्याला धक्का बसलाय. कालपास्ना असंच काय बाय बोलतो." मी रुपाला फोन लावला, तो नेमका लागेना. मी सिमेंटचं सांगितलं, घमेल्याचं सांगितलं, न्हाव्याचं सांगितलं. जेवढं सांगत होतो तेवढ्या बायका जास्त हुंदके देत होत्या. एकीने तर मला पाणी पाजलं.

आणि तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली.

रिक्षातून आई उतरली. खोकला थांबला होता, आणि रुपाच्या गॅसवरच्या भाकऱ्यांना कंटाळून ती न कळवताच निघून आली होती. अंगण माणसांनी भरलेलं, भाऊ जमिनीवर, मुलगा टकला. भिमीकाकूंनी जवळचा खांब धरला.

"कोन गेला रे?" आईने विचारलं.

काय सांगणार? जी गेली होती तीच विचारत होती. आईने घाबरून एकेकाचं तोंड बघितलं. मी होतो, दर्शना होती, मामा होता. मग ती तशीच आत गेली. मी मनातल्या मनात देवाचा धावा केला, पण देव फडक्याखाली होते.

आतून जी आरोळी आली, ती मी आयुष्यात विसरणार नाही.

"माजी चूल गो!"

आई कोपऱ्यात बसली आणि छाती पिटून रडायला लागली. सासूने हात धरून लिंपायला शिकवली ती चूल. माझ्या बारशाच्या घुगऱ्या जिच्यावर शिजल्या ती चूल. माझा बाप शेवटचं गरम पाणी जिच्यावरचं प्यायला ती चूल. हे ऐकून दर्शनाला खरंच रडू आलं आणि मलाही आलं, खोटं कशाला सांगू? मी काय फोडलं हे मला तेव्हा कळलं. पण आळीतल्या बायकांचा उत्साह बघायचा होता! तीन दिवस दाबून ठेवलेलं रडं त्यांनी मोकळं केलं. कोणी आईला मिठी मारली, कोणी चुलीचे गुण गायले. भिमीकाकूंना त्या चुलीवरचा चहा आठवला. जो तो आईची समजूत घालत होता, आणि चूल मोडणारा म्हणून मलाच डोळे वटारून बघत होता. मामाने ती साडी आईलाच दिली. आईने रडता रडता पदर बघून घेतला.

माणसं गेली. जाताना पहिल्यांदाच सगळ्यांनी 'येतो' म्हटलं.

सकाळी उठून बघतो तर आई केळीखालची माती पाट्या भरून आत आणत होती. ती तिने चाळली, कालवली आणि मोरपंखी टाइलच्या शेजारी, नव्याकोऱ्या कडप्प्यावर चूल घातली. ओटा तेवढा मजबूत आहे म्हणाली. चार दिवसांत मला मिळालेलं ते एकमेव कौतुक. मग स्टुलावर पाय देऊन ती ओट्यावर चढली, मामाने दिलेली साडी सावरून चुलीपुढे मांडी घातली आणि भाकरी थापायला बसली. अजूनही रोज तशीच बसते.

दर्शनाची इच्छा मात्र पुरी झाली. आता ती स्वयंपाकघरात दिवसभर उभीच असते. पीठ, पाणी, सरपण, आई वरून मागेल ते हातात द्यायला.